‘चांगल्या’ पायाचे सोळा टक्के

पार्श्वभूमी

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने निघालं की उचगावचा फाटा, तुरमुरी, बाची आणि मग शिनोळी. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. मधे हद्द आहे हे नवख्याला पाट्यांवरची लिपी बदलली म्हणून कळतं, एरवी शेतं तीच आणि बोलणंही तेच. याच पट्ट्यातल्या एका गावातली रेणुका. तिला वाढीव अपंग पेन्शन मिळवून देताना काय काय झालं, त्याची ही नोंद. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आमच्या चुका मात्र झाल्या तशाच लिहिल्या आहेत.

रेणुका ३४ वर्षांची, माहेर चंदगड तालुक्यातलं. लहानपणी पोलिओ झाला. सातवीपर्यंत शाळा, मराठीत. २००९ साली वडिलांनी कोल्हापूरला नेऊन अपंगत्वाचा दाखला काढला होता. हाताने लिहिलेला, माहेरच्या नावाचा, आणि त्यावर ‘डावा पाय, ६० टक्के’. लग्नात नाव बदललं, माहेरची मंगल सासरी रेणुका झाली. आधार, रेशन कार्ड, मतदार कार्ड सगळं नव्या नावाने आणि बेळगाव तालुक्यातलं. नवरा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत होता, तो २०१९ मध्ये वारला. घरात सासू आणि बारा वर्षांचा मुलगा, शेजारी दीर. सासूच्या नावावर वीस गुंठे, त्यात भात आणि थोडी रताळी. रेणुका घरी बसून झंपर शिवते, फॉल-पिको करते.

नवरा गेल्यावर तिला विधवा पेन्शन सुरू झाली होती. २०२३ मध्ये ती महिना ८०० रुपये होती.

अडचण काय होती

कर्नाटकात अपंग पेन्शनचे टप्पे आहेत. ४० ते ७४ टक्क्यांना ८०० रुपये, ७५ आणि त्यावर १४००. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ३२ हजार. शिवाय सामाजिक सुरक्षेची पेन्शन एका माणसाला एकच मिळते. म्हणजे ६० टक्क्यांचा दाखला घेऊन विधवा पेन्शन सोडली तर एका खिशातले ८०० दुसऱ्या खिशात, एवढंच. पंच्याहत्तर पार झाले तरच अर्थ होता.

हे गणित आधी कुणीच मांडलं नाही. जून २०२३ मध्ये पंचायतीच्या पुनर्वसन कार्यकर्तीने, जिला गावात सगळे व्हीआरडब्ल्यू म्हणतात, रेणुकाला सांगितलं की नवीन यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं केंद्र सरकारचं ओळखपत्र, काढ, पेन्शन वाढेल. तेवढं ऐकून दीर तिला ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर घेऊन गेला. अर्ज भरणाऱ्या मुलाने विचारलं, आधीचा दाखला आहे का? दाखला होता. ‘आहे’ वर टिचकी मारली, कोल्हापूरचा कागद स्कॅन करून जोडला. पोच घेतली नाही.

ऑक्टोबरपर्यंत काहीच हललं नाही. दाखला दुसऱ्या राज्यातला, हाताने लिहिलेला, त्यावरचं नाव मंगल आणि आधारवर रेणुका. पडताळणी कोण करणार आणि कशाच्या आधारावर? नाडकचेरीत, म्हणजे तहसीलखालच्या महसूल कार्यालयात, विचारलं तर “महाराष्ट्राचा चालत नाही” एवढंच उत्तर. त्या सुमारास दीर आमच्याकडे आला. मी बेळगावात अशा कागदपत्रांना मदत करतो. कन्नड लिहितो-वाचतो, हीच माझी खरी पात्रता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय भांडायचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की दाखला देशभर ग्राह्य आहे. हद्दीच्या या बाजूला तो कागद रद्दी होत नाही. कायद्याने आमची बाजू भक्कम होती. पण भांडून जिंकलो असतो तरी हाती काय आलं असतं? ६० टक्के, म्हणजे ८००, ते तर मिळतच होते. शिवाय नावाचा घोळ उरलाच असता.

दुसरा पर्याय तिच्या भावाने काढला. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेचे जुलै २०२३ पासून १५०० झाले होते. “ताई, आमच्या रेशन कार्डात तुझं नाव घालू, इथनं काढू.” सीमेवरच्या गावांत हा सल्ला चहाच्या टपरीवर फुकट मिळतो. त्या योजनेला महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास लागतो. रेणुका सासरी येऊन बरीच वर्षं झाली होती आणि तिचे सगळे कागद कर्नाटकाचे. म्हणजे खोटा पत्ता, खोटा रहिवास, आणि एक दिवस दोन्हीकडचं बंद. मी नको म्हटलं. भाऊ नाराज झाला. त्याला हातातल्या ८०० वर सातशे रुपयांचा फरक दिसत होता, आणि कन्नड कागदांची कटकट टळत होती. त्याचं अगदीच चुकत होतं असंही म्हणवत नाही.

तिसरा पर्याय होता तसंच राहायचा. सासूचं मत हेच. “हाय ते ८०० बी घालवशीला.” ही भीती खुळी नव्हती. एक पेन्शन बंद झाली आणि दुसरी सुरू व्हायच्या आत फाइल अडकली, तर घरात त्या ८०० चाही खड्डा.

चौथा पर्याय म्हणजे जुना दाखला बाजूला ठेवून बेळगावात नव्याने तपासणी करून घ्यायची. धोका एकच, टक्के कमी लागले तर? ते ४० च्या खाली जातील असं वाटत नव्हतं, आणि विधवा पेन्शनला या टक्क्यांशी देणंघेणं नव्हतं. तपासणीत गमावण्यासारखं काही नाही, गमावण्याची वेळ पेन्शन बदलतानाच येणार, हे सासूला समजावलं. तिने मान हलवली. पटलं म्हणून की थकली म्हणून, कोण जाणे.

पहिली तपासणी

नवा अर्ज भरायला बसलो तर आधार आधीच वापरलंय असा संदेश. जुना अर्ज मागे घेण्यात तीन आठवडे गेले, कारण पोच नव्हती आणि ओटीपी गेला होता दिराच्या जुन्या सिमवर. नोव्हेंबर २०२३ मध्ये नवा अर्ज गेला. ‘आधीचा दाखला’ इथे या वेळी ‘नाही’. नाव रेणुका, पत्ता सासरचा, मंगल कुठेच नाही. नावाच्या घोळावर एवढाच उपाय होता. अफिडेव्हिट, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाची पत्रिका, हे सगळं मी आधीच गोळा करायला लावलं होतं. त्यातलं काहीच लागलं नाही.

अपंगत्वाचं वर्णन मी लिहिलं, जुन्या दाखल्यावरून उतरवून: ‘डाव्या पायाला पोलिओ’. या प्रकरणातली सगळ्यात महाग ओळ हीच.

डिसेंबरात तपासणी झाली, शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात. अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाच्या दिवशीची गर्दी ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. रेणुका डाव्या हाताने डावी मांडी दाबत, उजव्या हातात काठी धरून आत गेली. तिच्या प्रत्येक साडीला डाव्या मांडीवर तळहाताएवढी जागा पातळ झालेली असते, हे मी पुढे कधीतरी पाहिलं. डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं, उजवा पाय कसा आहे? मी मराठीत सांगितलं. ती म्हणाली, “उजवा चांगला हाय की. त्याच पायानं मशीन चालवतो मी.” मी तेच कन्नडमध्ये सांगितलं. पाच मिनिटांत बाहेर.

दाखला आला: डावा पाय, ६० टक्के. जुन्यावर होते तेवढेच.

निर्णयाची जागा

इथे प्रकरण संपल्यात जमा होतं. दीर म्हणाला, सोडा सर, तिच्या नशिबात ८००च. मीही मनातून फाइल बंद केली होती. उघडी राहिली ती बसमुळे.

परतताना मध्यवर्ती बसस्थानकावर आम्ही उभे होतो. शक्ती योजनेमुळे रेणुकाला कर्नाटकची बस फुकट, म्हणून आधी लागलेली महाराष्ट्राची एसटी सोडून दिली. आमची बस आली. मी मागून चढत होतो, त्यामुळे समोरच दिसलं. तिने काठी मुलाकडे दिली, दोन्ही दांडे धरले आणि दोन्ही हातांच्या जोरावर स्वतःला वर ओढून घेतलं. उजवा पाय पायरीवर होता, पण त्याने तिला उचललं नाही. तो नुसता ठेवलेला होता. चांगला पाय असा वागत नाही.

गाडीत विचारलं, उजव्या पायावर उभं राहून पायरी चढता येत नाही? ती म्हणाली, “कधीच न्हाई. पर डाव्यापरास चांगला हाय की तो.” तिच्या घरात लहानपणापासून दोन पायांची दोन नावं होती, ‘गेलेला’ आणि ‘चांगला’. कोल्हापूरच्या डॉक्टरांना वडिलांनी बहुधा हेच सांगितलं असणार, बेळगावच्या डॉक्टरांना मी सांगितलं. पायमशीनचं म्हणाल तर तिथे मांडीला उचलायचं काही नसतं, घोट्यावर काम चालतं. दोन झंपर झाले की ती पाय धरून बसते.

मग टक्क्यांचं गणित काढलं. दोन पाय बाधित असतील तर दोघांचे टक्के सरळ मिळवत नाहीत. सूत्र असं: मोठा आकडा तसाच घ्यायचा, ९० मधून तो वजा करायचा, जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणून ९० ने भागायचं, आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. डावा ६० धरला तर उरतात ३०. म्हणजे उजव्याला ४५ मिळाले तर भर पडते १५, आणि बेरीज बरोबर ७५. उजव्याला ४५ पेक्षा कमी लागले तर सगळी धावपळ फुकट.

आता दोन रस्ते होते. कलम ५९ खाली दाखल्याविरुद्ध अपील करता येतं. किंवा त्याच रुग्णालयाच्या अधीक्षकांना अर्ज द्यायचा की उजव्या पायाची तपासणी झाली नाही, ती करावी. आमच्यातल्या एकाचा अपिलाचा आग्रह होता, कागदावर दाब राहतो म्हणून. मला ते पटलं नाही. डॉक्टरांनी चूक केली होती का? आम्हीच उजवा पाय चांगला असल्याचं सांगितलं होतं. ज्याला आपणच चुकीचं सांगितलं त्याच्यावर अपील करून त्याला स्वतःचा बचाव करायला लावायचं, यात वेळ जातो आणि मन कलुषित होतं. शेवटी ठरलं, आधी विनंती, महिनाभरात उत्तर नाही आलं तर अपील. अपिलाचा मसुदा तयार करून ठेवला. तो तसाच राहिला.

दुसरी तपासणी

विनंतीअर्ज कन्नडमध्ये लिहिला, एक पान. त्यात ‘अन्याय’, ‘दुर्लक्ष’ असले शब्द नाहीत. पाच वाक्यांत रेणुका काय करू शकत नाही ते: जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठता येत नाही, एक पायरी दांड्याशिवाय चढता येत नाही, उजव्या पायावर उभं राहून डावा उचलता येत नाही, असं. खाली तिची मराठीत सही. ती घेतील का अशी धाकधूक होती, कुणी काही बोललं नाही. सोबत एका हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी, ज्यात उजव्या मांडीच्या स्नायूंची ताकद नोंदवलेली होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बोलावणं आलं. या वेळी मी तिला एकच सांगितलं, ‘चांगला’ हा शब्द वापरायचा नाही. जास्तीचं काही दाखवायचं नाही, कमीही नाही. डॉक्टरांनी तिला टेबलावर बसवून उजवा पाय गुडघ्यातून सरळ करायला लावला. झाला सरळ. मग त्यांनी नडगीवर दोन बोटं ठेवून हलकेच दाबलं, आणि पाय फळी सुटावी तसा खाली आला. स्नायूची ताकद शून्य ते पाचमध्ये मोजतात. स्वतःचं वजन उचलतो पण वरून दाब सोसत नाही, तो तीन. डॉक्टरांनी रेणुकाकडे पाहून विचारलं, याआधी कुणी हे पाहिलं नाही? तिला कन्नड कळलं नाही, मला कळलं. मी गप्प बसलो.

उजव्याला ४८ लागले. ४८ गुणिले ३०, भागिले ९०, म्हणजे १६. साठात सोळा, शहात्तर.

पेन्शन बदलताना

मार्चमध्ये दाखला हातात आला आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. बेळगावचं मतदान ७ मे रोजी होतं. तलाठी, सर्कल, सगळे निवडणुकीच्या कामाला. त्या दोन-अडीच महिन्यांत आणखी एक गोष्ट घडली जी आमच्या लक्षात यायला हवी होती. २०१९ चा उत्पन्नाचा दाखला पाच वर्षं पुरी होऊन संपला. जून २०२३ मध्ये पहिलाच अर्ज नीट गेला असता तर त्या जुन्या दाखल्याचा आरडी नंबर चालला असता.

नवीन दाखल्यासाठी तलाठी घरी आले. दारात शिलाई मशीन, भिंतीवर टांगलेले आठ-दहा झंपर. त्यांनी ४० हजार लिहायला घेतले. म्हणजे पेन्शन दोन्हीकडून गेली, नवीही आणि जुनीही. रेणुकाने मुलाच्या शाळेची अर्धी वही पुढे केली. त्यात शिवणकामाचा हिशेब, कुणाचा झंपर, किती रुपये, उधारी राहिली तर नावापुढे फुली. लग्नसराईचे महिने बरे, पावसाचे जवळजवळ कोरे. सरासरी काढली तर वर्षाला २२ हजारांच्या आसपास, आणि फुल्या वजा केल्या तर त्याहून कमी. तलाठ्यांनी वही चाळली, दोन-तीन पानांवर बोट ठेवून विचारपूस केली आणि २४ हजार लिहिले. ही वही कुणी शिकवली नव्हती. उधारी बुडू नये म्हणून ती लिहीत होती.

जूनमध्ये नाडकचेरीत अर्ज दिला. अर्जावर शब्द ‘अंगविकल’, खात्याच्या नावात ‘विकलचेतन’, आमच्या जुन्या कागदावर ‘अपंग’. रेणुका म्हणाली, कितीबी नावं घ्या. या वेळी सकालाचा, म्हणजे ठरल्या मुदतीत काम करून देण्याच्या कर्नाटकच्या योजनेचा, १५ आकडी नंबर असलेली पोच घेतली आणि तिचा फोटो तीन फोनवर ठेवला.

विधवा पेन्शन सोडल्याचं पत्र कधी द्यायचं, हा शेवटचा निर्णय. खिडकीवर सांगितलं की अर्जासोबतच द्या. आम्ही विनंती केली की पडताळणी पुरी होऊन फाइल तहसीलदारांकडे गेली की देतो. ते मान्य झालं. जुलैअखेर पत्र दिलं, ऑगस्टमध्ये मंजुरीचा आदेश निघाला.

निष्पत्ती

सप्टेंबर गेला, पैसे नाहीत. सासू काही बोलली नाही, ते बोलण्यापेक्षा वाईट. सरकारी पैसे कुठल्या खात्यात गेले ते दाखवणाऱ्या डीबीटी कर्नाटक ॲपवर पाहिलं तर पैसे जमा, पण वेगळ्याच बँकेत. ऑगस्टमध्ये बचत गटाच्या कर्जासाठी रेणुकाने दुसरीकडे खातं उघडलं होतं आणि आधार जोडायला अंगठा दिला होता. आधारवरून येणारी रक्कम शेवटी जोडलेल्या बँकेत जाते. त्या खात्याचं पासबुक ट्रंकेत होतं, एकही पान न उघडलेलं. त्यात १४०० पडलेले.

तेव्हापासून पैसे महिन्याला येताहेत. फरक ६०० चा, वर्षाला ७,२०० रुपये. रिक्षा, झेरॉक्स, दिराच्या बुडालेल्या रोजंदाऱ्या आणि न शिवलेले झंपर धरले तर सव्वा वर्षात साडेतीन हजारांच्या आसपास खर्च झाला. सहा महिन्यांत वसूल.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी, कार्ड काढायच्या आधी, ७५ चा उंबरा आणि ‘एकच पेन्शन’ हे दोन मुद्दे मांडायला हवे होते. मग तपासणीत नेमकं काय पाहिलं जायला हवं हेही तेव्हाच सुचलं असतं. जुन्या दाखल्यावरून नवा अर्ज उतरवायला नको होता. तो दाखला २००९ च्या माणसाचा होता. मधल्या पंधरा वर्षांत उजव्या पायाने दोन पायांचं काम केलं.

दुभाषा म्हणून मी तिचं वाक्य शब्दाला शब्द सांगितलं, तेही चुकलंच. ‘चांगला हाय की’ मधल्या ‘की’ चा अर्थ इकडच्या माणसाला कळतो: डाव्याच्या मानाने, चालवून घेतो म्हणून. कन्नडमध्ये जाताना तो ‘की’ गळाला. तिला एक प्रश्न परत विचारला असता, पायरी चढता येते का, तर डिसेंबरातच काम झालं असतं. मग उत्पन्नाचा दाखला जिवंत असताना अर्ज गेला असता आणि आचारसंहिताही आडवी आली नसती.

आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते मंजुरीच्या आधी तपासायला पाच मिनिटं लागतात. आम्ही तपासलं नाही.

भावाच्या सल्ल्याबद्दल मात्र मत बदललेलं नाही.

एक काम राहिलंय. पायमशीनला विजेची मोटर बसवायची आहे, म्हणजे उजव्या पायाला विश्रांती. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी ठेवायचे असतात, त्यातून ती मागितली आहे. अर्ज पंचायतीत आहे. पोच रेणुकाच्या वहीत, मधल्या पानाला टाचणीने लावलेली.